हौसाबाईचा हिरवा दिवा

भिंतीवरचा दिवा नारिंगी होता. कालही नारिंगीच होता. त्याच्याकडं बघितलं की जयमाला वरुटेला कुणीतरी चारचौघांत तोंडावर थुंकल्यासारखं वाटायचं.

दिवा म्हणजे बशीएवढा गोल तुकडा. खरं यंत्र छतात बसवलेलं, 'निवांत' नावाचं. घरातलं म्हातारं माणूस समाधानात असलं तर दिवा हिरवा, कुरकुरत असलं तर पिवळा आणि त्रासात असलं तर नारिंगी. असं कंपनीचं म्हणणं. आणि कंपनी म्हणते ते खरंच असणार असं मानणारी माणसं इचलकरंजीतही आता पैशाला पासरी झाली होती. दार माणूस ओळखून उघडत होतं, फ्रीज परस्पर दूध मागवत होता. मग सासूचं सुखदुःख छतानं सांगितलं तर बिघडलं कुठं?

"आत्ती, जरा हळू बोला," जयमाला ओरडली. ओरडल्याशिवाय सासूला ऐकूच गेलं नसतं.

"मी काय चोरी केलीया हळू बोलायला?" हौसाबाईनं स्वयंपाकघरातनं त्याच पट्टीत परत दिलं. "पाणी किती वतलीस ते सांग आधी. भाकरीचं पीठ हाय का खीर?"

"मग तुमीच मळा."

"मळतेच. सर बाजूला. लग्नाला वीस वर्सं झाली, अजून हिची भाकरी फुगंना."

"फुगतीया की. तुमच्या तोंडासारखी."

हौसाबाई खो खो हसली. पिठाच्या हातानं सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला आणि परातीपुढं फतकल मारून बसली. भिंतीवरचा नारिंगी आणखी गडद झाला.

हौसाबाईनं उमेदीची सगळी वर्षं मागाच्या शेडमध्ये घालवली होती. धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती भरायचं काम. भोवती पंधरावीस माग खडाखडा वाजत असताना माणूस बोलत नाही, हाकाच मारतं. कांडी दे म्हणायचं तरी बेंबीच्या देठापासनं. हळूहळू तीच बोलायची रीत होऊन बसते. घरी आलं, म्हातारपण आलं, माग भंगारात गेले, तरी घसा शेडमध्येच राहतो. वरुट्यांच्या घरात कुजबूज हा प्रकारच नव्हता. गुपितंसुद्धा ओरडून सांगायची.

हौसाबाईला दोन मुलगे. थोरला दिगंबर, जयमालेचा नवरा, इचलकरंजीत. धाकटा निलेश पुण्यात. नवरा गेल्यावर आईची पाळी लागली होती. दोन महिने थोरल्याकडं, दोन महिने धाकट्याकडं. निलेशनंच ही यंत्रं आणून दोन्ही घरांत बसवली. आई कुठंही असली तरी बरी आहे का ते सगळ्यांना कळावं, एवढाच त्याचा हेतू, आणि हेतूत खोट नव्हती.

यंत्रही अगदी टाकाऊ नव्हतं. छतातनं ते रेडिओच्या बारीक लहरी खाली सोडतं. माणसानं श्वास घेतला की छाती तसूभर हलते, हृदय ठोकलं की केसभर. त्या हालचालीवर आपटून लहरी वर परत जातात आणि किती हललं ते यंत्राला समजतं. अंगाला वायर नको, हाताला पट्टा नको. बसवल्यानंतरच्या पहिल्याच थंडीत त्यानं हौसाबाईच्या ठोक्यांत मधेच पडणारा खाडा पकडला होता. डॉक्टरनं गोळी दिली आणि पुढचं संकट टळलं. त्यामुळं घरात कुणाची यंत्राविरुद्ध बोलायची छाती नव्हती.

एवढ्यावर कंपनी थांबली असती तर देव पावला असता. पण नुसती छाती मोजून कुणाचं पोट भरतं? कंपनीनं मन मोजायचं ठरवलं. हजारो म्हाताऱ्यांचे श्वास, ठोके, हालचाल आणि आवाजाची पट्टी यंत्राला शिकवली. शब्द आम्ही ऐकत नाही, नुसती पट्टी ऐकतो, असं वर आणि कौतुकानं सांगितलं. ती म्हातारी माणसं होती कुठली? मोठ्या शहरांतल्या गुळगुळीत घरांतली, बागेकडं तोंड करून बसलेली. संथ श्वास, संथ ठोका, बारीक आवाज म्हणजे समाधान. धाप, धडधड, चढा आवाज म्हणजे त्रास. हौसाबाईच्या छातीत काय चाललंय ते यंत्राला बिनचूक कळत होतं. कशापायी चाललंय ते कळत नव्हतं. आणि दिवा मात्र त्या न कळलेल्या 'कशापायी'चाच लागत होता.

हा दिवा नुसता भिंतीवर असता तर जयमालेनं त्याच्यावर कॅलेंडर टांगलं असतं. पण तो सगळ्या भावकीच्या मोबाईलवर दिसायचा. पुण्यात हौसाबाई गेली की हिरवागार. इचलकरंजीत आली की नारिंगी. कोणत्या सुनेकडं म्हातारी सुखात आहे, हे आता कुणी चुगली करून सांगायची गरज उरली नव्हती.

भावकीतल्या एका बारशात नणंदेनं, शैलानं, सगळ्यांपुढं विषय काढला. पाळण्याची दोरी हातात धरून म्हणाली, "जयावैनी, आई तुझ्याकडं आली की दिवा पेटतोय बघ. पुण्यात कसा थंडगार असतोय. केतकीचा हात गोड, दुसरं काय."

बायका हसल्या. हौसाबाई कोपऱ्यात घुगऱ्या खात बसली होती. तिनं ऐकलं की नाही, कुणी बघितलं नाही. जयमालाही हसली आणि हातातल्या घुगऱ्या तिनं परत वाटीत टाकल्या.

घरी येताना रिक्षात ती जळत होती. केतकी. धाकटी जाऊ. लॅपटॉपपुढनं न उठणारी, पाकिटातला उपमा गरम करून सासूपुढं ठेवणारी. तिनं कधी आत्तीच्या टाचांच्या भेगांत कोकम तेल भरलंय? जुलाब झाले तेव्हा लुगडी धुतलीत? आत्तीला आमसुलाची कढी गोड लागत नाही, चिंचेची आमटी लागते, हे तरी ठाऊक आहे का तिला? आणि म्हातारी तिथं हिरवी. जयमालेला वाटलं, आपण वीस वर्षं या बाईशी संसार केला आणि तिनं गपचूप दुसरीशी सूत जुळवलं. नवऱ्यानं बाहेर लफडं केलं असतं तर त्याला लाटणं तरी फेकून मारता आलं असतं. सासूला काय मारायचं?

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या घरात वाद फार होतात," तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"कसले वाद? आम्ही बोलतोय."

"एवढ्या मोठ्यानं?"

"मागावर काम केलेली माणसं हाईत बाई. हळू बोललं तर आम्हाला कुणी मेल्यासारखं वाटतंय."

"त्यासाठी सेटिंगमध्ये पर्याय नाहीये, मॅडम. भाषा मराठी करून देऊ का?"

"भाषा मराठीच हाय आमची. तुमच्या मशीनला आवाज समजंना, त्याचं बोला."

"मी तुम्हाला सल्ला पाठवते, मॅडम. तो पाळला की साधारण सगळ्यांकडं हिरवा होतो."

सल्ला आला. ज्येष्ठांना कष्ट देऊ नका. चढ्या आवाजात बोलू नका. त्यांच्याशी वाद घालू नका, होकार द्या. बाहेरची दगदग टाळा. वाचायला सगळं साजूक. कुणाही भल्या माणसानं मान डोलवावी असं. जयमालेनं पदर खोचला.

पहिली गदा आली शेडवर. मागल्या गल्लीत बुगडांची एक जुनी शेड अजून तग धरून होती. हौसाबाई रोज दुपारी तिथं जायची. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी मजुरी देत नव्हतं. जायचं, कांड्या भरायच्या, बुगडाला 'तुझा ताणा ढिला, तुझी अक्कल ढिली' म्हणून शिव्या घालायच्या आणि केसांत कापूस घेऊन धापा टाकत परत यायचं. आली की दिवा लालबुंद व्हायचाच काय तो बाकी.

"आत्ती, शेडमध्ये जायाचं बंद करा. डॉक्टरांनी सांगितलंय," जयमाला म्हणाली. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं. उलट, चालत राहा म्हणाले होते.

"कवा सांगितलं?"

"फोन आलता."

हौसाबाईनं सुनेकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. "बरं," म्हणाली.

मग परात काढून घेतली. "तुमी बसा, आत्ती. मी करते." मग बोलणं बदललं. हौसाबाई म्हणाली, "ही भाजी हाय का गवत?" तर एरवी "शेळी हाईसा म्हणून गवत घातलं" असं उत्तर ठरलेलं. आता जयमाला बारीक आवाजात म्हणायची, "बरं आत्ती. उद्या नीट करते." हौसाबाई काही टोचून बोलली की बरं आत्ती. पदर नीट घे म्हणाली की बरं आत्ती. टोचणारी सुई कापसात घुसावी तसं म्हातारीचं बोलणं त्या 'बरं'मध्ये जाऊन बुडायला लागलं. जयमालेच्या जिभेवर उत्तरं येऊन वळवळायची. ती जीभ चावायची आणि भिंतीकडं बघायची.

दिवा पिवळा झाला.

आणि मग एका सकाळी, हौसाबाई खिडकीपाशी खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेली असताना, हिरवा झाला.

जयमालेनं फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. शैलाचा अंगठा आला. निलेशनं 'वहिनी, ग्रेट' लिहिलं. केतकीनं काहीच लिहिलं नाही, आणि जयमालेला त्यातलं तेच सगळ्यांत गोड लागलं. घे आता, ती मनात म्हणाली. जळ.

दिगंबर जेवताना म्हणाला, "घर कसं शांत झालंय. बरं वाटतंय."

"तुमाला बरंच वाटणार. तुमाला कुठं बोलायला लागतंय," जयमाला म्हणाली.

हिरवा टिकला. रोज हिरवा. हौसाबाई सकाळी उठायची, दिलेला चहा प्यायची, खुर्चीत बसायची. आज भाजी कशाची, हे विचारायचं थांबली. शेजारच्या सुनेला मुलगा झाला की मुलगी, तेही विचारलं नाही. खुर्चीतनं उठताना हाताला धरून उठायला लागली. एकदा जयमालेनं तिच्या खांद्यावर हात ठेवला तर खांदा जुन्या उशीसारखा दबला. दिवा हिरवा. कंपनीकडनं अभिनंदनाचा निरोप आला.

जयमाला आता भिंतीकडं बघायची टाळायला लागली. काहीतरी चुकत होतं, पण काय चुकतंय हे बोलायचं तर हिरव्यावर पाणी सोडायला लागलं असतं. आणि हिरवा तिनं फार जळून मिळवला होता.

पाळी बदलायची होती त्याच्या आदल्या दिवशी तिनं चिंचेची आमटी केली. मीठ घातलं नाही. मुद्दाम नाही घातलं. वाटीत वाढली आणि समोर बसून राहिली.

हौसाबाईनं भाकरी बुडवली. खाल्ली. दुसरा घास बुडवला.

"कशी झालीया आत्ती?"

"चांगली हाय."

"मीठ?"

"हाय की."

म्हातारीनं वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि खुर्चीकडं गेली. जयमालेनं उरलेली आमटी मोरीत ओतली. 

दुसऱ्या दिवशी केतकी न्यायला आली. सासूच्या पाया पडली, "चला आई, सगळं भरलंय ना?" म्हणाली, आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आली. पाणी तिनं प्यायलं नाही. ओट्याला टेकून उभी राहिली.

"ताई, काय केलंत तुम्ही?" पुण्याच्या तिच्या त्या मऊ आवाजात तिनं विचारलं. "तुमच्याकडचाही हिरवा कसा झाला?"

"का? हिरवा काय तुझ्या एकटीच्या नावावर हाय?"

"तसं नाही. मला वाटायचं, निदान इथं तरी त्या..." ती थांबली. "रागावू नका. तुमचा नारिंगी दिसला की मी मोबाईल पालथा ठेवायचे. बघवायचं नाही मला."

"म्हणजे?"

"माझ्याकडं त्या पाहुण्यासारख्या राहतात, ताई. देईन ते खातात. एसटी स्टँडवर बसल्यासारख्या खिडकीत बसतात. छान झालंय, छान झालंय. एकदासुद्धा म्हणाल्या नाहीत की केतकी, हे काय करून ठेवलंस. आणि इथं आल्या की नारिंगी. मी आमच्या अभिला सांगायचे, बघ, आज्जी भांडतेय काकूशी. माझ्याशी कधी भांडणार त्या? मी काय कमी केलंय?" तिचे डोळे भरले होते, पण आवाजात रडू नव्हतं. राग होता.

"तू माझ्यावर जळत होतीस?"

"हो."

जयमालेला आधी गोड वाटलं. खोटं कशाला सांगायचं? तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं चर्रर्र होऊन गार वाटलं. आणि लगेच, त्याच्या मागोमाग, जे काय आपण दोन महिने हातानं मोडत बसलो होतो त्याचा आकार तिला दिसला.

ती बाहेर आली. खुर्चीपुढं उकिडवी बसली.

"आत्ती. काल आमटीत मीठ नव्हतं."

"ठावं हाय."

"मग बोलला का न्हाई?"

"तुला हिरवा पायजे हुता," हौसाबाई म्हणाली. "दिला."

जयमालेची नजर परत भिंतीकडं गेली.

"मला काय अक्कल न्हाई? घडोघडी भित्ताडाकडं बघतीस. शैली बारशात काय बोलली ते माझ्याबी कानावर आलं. म्हटलं, पोरीची मान खाली नको. डॉक्टरचं नाव घेतलीस तेबी कळलं मला. मुडद्यागत बसलं की हुतोय हिरवा. लई सोपं हाय."

"मग मला शिव्या घालायच्या की ओ, आत्ती. गप का बसला?"

"कुणाला घालू? तू हुतीस कुठं? बरं आत्ती, बरं आत्ती. कुणी परक्या बाईशी बोलावं तसं." हौसाबाई हे सगळं हळू आवाजात बोलत होती, आणि या घरात हळू आवाजात बोललेलं जयमालेनं आजवर काही ऐकलं नव्हतं. "माझ्यावर दया करत हुतीस तू. दया घरच्यावर करत न्हाईत, जया. दारात आलेल्यावर करत्यात."

"चुकलं माझं. ही पाळी ऱ्हाऊ दे. जाऊ नका."

"पाळी म्हंजे पाळी."

"भांडूया की आपण. उद्यापासनं भांडूया."

"मला आता तुझ्यासंगं भांडावंसं वाटंना झालंय," म्हातारी म्हणाली, आणि खिडकीकडं तोंड केलं.

जयमाला उठून स्वयंपाकघरात परत गेली. केतकी तिथंच उभी होती. "काय म्हणाल्या?" तिनं विचारलं.

आता गप्प बसायचं, एवढंच काम होतं. गप्प बसलं की केतकी म्हातारीला घेऊन जाईल, तिथंही म्हातारी खिडकीत बसेल, आणि दोन महिन्यांनी घरी येईल. आपल्या घरी. तोवर राग निवळेल, परात पुढं ठेवू, चूक मान्य करू, सगळं आपलं आपल्याला परत मिळेल. केतकीला काही मिळायचं कारण नव्हतं. वीस वर्षं तिनं नव्हती घातली.

पण दोन महिन्यांनी येईल ते कोण? काल वाटी चाटून गेली तीच, त्याहून हलकी होऊन.

"केतकी," जयमाला म्हणाली. शब्द ओढून काढायला लागत होते. "आत्तीशी भांड."

"काय?"

"भांड. उलटं बोल. भाकरी कर, आणि वाईट कर."

"मला मुळात येतच नाही."

"मग झकास. तशीच कर. त्या नावं ठेवतील. ठेवली की छान म्हणू नको, बरं आई म्हणू नको. तुमच्या तोंडासारखी झालीया म्हण. आणि ओरडून बोल. त्यांना हळू बोललेलं आवडत न्हाई, त्यांना वाटतं माणूस काहीतरी लपवतंय."

"मला ओरडता येत नाही, ताई. शेजारचे काय म्हणतील?"

"म्हणू देत. तुला आत्ती पायजेत का शेजारी?"

 पदर नव्हता म्हणून केतकीनं ओढणी कमरेला बांधली.

हौसाबाई निघाली. हाताला धरून उठली, देवाला हात जोडले, जयमालेच्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. सगळं रीतीप्रमाणं, सगळं गुपचूप. लिफ्ट नको म्हणाली, जिन्यानं उतरायला लागली. पुढं कठड्याला धरून म्हातारी, मागं दोन्ही हातांत पिशव्या घेऊन केतकी. जयमाला वरच्या पायरीवर थांबली.

पहिलं वळण गेलं. मग केतकीचा आवाज आला, चिरका, घाबरलेला, शाळेतल्या पोरीनं पहिल्यांदा भाषण करावं तसा. "आई, एवढं सामान कशाला लागतं तुम्हाला? पुण्यात काय दुकानं नाहीत?"

पावलं थांबली. 

"काय म्हणालीस?" हौसाबाई.

"म्हटलं, निम्मं काढून ठेवा इथं. हमाल आहे का मी?"

"तुझ्या बापानं भरलीया का पिशवी?" म्हातारीचा आवाज खालनं चढत आला, भिंतींवर आपटत, मजल्यामजल्यावरची दारं उघडवत. "आणि धरलीस कशी ती? बघू. लोणचं हाय त्यात. आडवी धरलीस व्हय गं? लॅपटॉप तेवढा सरळ धराया येतोय, बरणी न्हाई धराया येत?"

"मग तुम्हीच धरा."

"आण हिकडं. आण म्हणते न्हवं. आणि अशी रडकी उत्तरं देऊ नको, तोंड उघडून बोल."

जयमालेनं कठडा गच्च धरला. खाली दोघी भांडत भांडत उतरत होत्या, आणि प्रत्येक वाक्यागणिक ती जळत होती. बारशात शैलाच्या बोलण्यानंसुद्धा ती एवढी जळली नव्हती. केतकीला एकही उत्तर धड देता येत नव्हतं. बरणीवर काय बोलायचं, ते जयमालेच्या जिभेवर तयार होतं, झणझणीत, म्हातारीला हसवून खाली बसवेल असं.

ते तिनं गिळलं, आणि खालचं दार आपोआप मिटेपर्यंत ऐकत उभी राहिली.